नाताळासाठी घरगुती चॉकलेट फज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर सरत आला, की फोंड्यातील माझ्या स्वयंपाकघरात फज शिकून गेलेल्या मुली, त्यांच्या आया आणि शेजारीपाजारी यांचे प्रश्न सुरू होतात. बहुतेक प्रश्न दरवर्षी तेच असतात आणि त्यांचे मूळही बहुधा एकच असते. फजच्या पाककृती थंड, कोरड्या हवेत लिहिल्या गेल्या. आपण त्या डिसेंबरातही दुपारी पारा ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो अशा दमट गोव्यात करतो. त्यामुळे पुढील उत्तरांत वजन, आच आणि ओलावा यांचा उल्लेख वारंवार येईल, आणि तो टाळता येण्यासारखा नाही.

१. फज म्हणजे नेमके काय? ती आपली चॉकलेट बर्फीच ना?

नात्यातली आहे, पण तीच नव्हे. बर्फीचा जीव खव्यात असतो, तर मूळ फजचा साखरेत. साखर, दूध, लोणी आणि चॉकलेट ठरावीक तापमानापर्यंत शिजवायचे, ढवळाढवळ न करता निवू द्यायचे आणि मग घोटायचे, म्हणजे साखरेचे इतके बारीक स्फटिक तयार होतात की ते जिभेला कण म्हणून जाणवत नाहीत. हा पदार्थ अमेरिकेतला. एमेलिन बॅटर्सबी हार्ट्रिज या विद्यार्थिनीने लिहून ठेवल्याप्रमाणे १८८६ मध्ये बाल्टिमोर येथे तो ४० सेंट पौंड या दराने विकला जात होता, आणि १८८८ मध्ये तिने व्हासार कॉलेजातील लिलावासाठी ३० पौंड फज स्वतः केला होता.

सोपा फज याहून वेगळा. त्यात पाक नाही आणि घोटणेही नाही. साखर व दूध आटवलेल्या दुधाच्या डब्यातून येते आणि वडी धरण्याचे काम चॉकलेटमधील कोको बटर थंड होऊन करते. पुढील बहुतेक उत्तरे या सोप्या फजविषयी आहेत; पाकाच्या फजसाठी प्रश्न १६ पाहावा.

२. साहित्य किती घ्यावे?

साखर घातलेले आटवलेले दूध ४०० ग्रॅम, डार्क चॉकलेट ३५० ग्रॅम (कोकोचे प्रमाण ५० ते ६० टक्के असलेले), लोणी ३० ग्रॅम, भाजलेले काजू १०० ग्रॅम, व्हॅनिला इसेन्स १ टीस्पून आणि मीठ पाव टीस्पून. हे मिश्रण ८ इंची चौकोनी साच्यात सुमारे पाऊण इंच जाडीचे होते आणि त्याचे एकेक इंचाचे ६४ तुकडे पडतात. चौकोनी साचा नसेल तर कड असलेले स्टीलचे ताट चालते. वाटीच्या मापाने मात्र करू नये. चॉकलेटचे तुकडे वाटीत कसे बसतात यावर वजन ५० ग्रॅमने सहज इकडेतिकडे होते, आणि न धरलेल्या फजचे सर्वांत मोठे कारण हेच असते. डब्यातील दुधाचे वजनही वाचून घ्यावे, कारण सर्व डबे ४०० ग्रॅमचे नसतात.

३. पहिल्यांदाच करणार आहे. कृती क्रमाने सांगाल का?

चॉकलेट चण्याच्या डाळीएवढे बारीक चिरावे. मोठे तुकडे वितळायला वेळ घेतात आणि तेवढ्या वेळात आच वाढवण्याचा मोह होतो. साच्याला बटर पेपर असा लावावा की दोन बाजूंनी तो बाहेर डोकावेल; पुढे त्यालाच धरून वडी उचलायची असते.

जाड बुडाच्या पातेल्यात आटवलेले दूध, लोणी आणि मीठ घालून अगदी मंद आचेवर ठेवावे व तळ खरवडत ढवळत राहावे. दूध सैल होऊन कडेला बारीक बुडबुडे दिसू लागले की गॅस बंद करावा. उकळी येऊ देऊ नये. आता चिरलेले चॉकलेट घालावे आणि दोन मिनिटे हातही लावू नये. त्यानंतर मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूस गोल गोल ढवळावे. आरंभी मिश्रण फुटल्यासारखे, पट्टे पट्टे दिसते. ढवळत राहिल्यास मिनिटाभरात ते एकजीव होते आणि त्यावर दिव्याचा उजेड चमकतो. ती चमक आली की व्हॅनिला व काजू घालून मिश्रण लगेच साच्यात ओतावे, साचा ओट्यावर दोन-तीनदा आपटून हवा काढावी आणि वरून झाकण लावून चार तास, शक्य असल्यास रात्रभर, फ्रीजमध्ये ठेवावे.

सारे मिळून वीस मिनिटांचे काम आहे. दोदोल (नारळाचे दूध आणि माडाचा गूळ आटवून केलेला हलवा) ढवळून ज्यांचे खांदे भरून आले आहेत, त्यांना या वीस मिनिटांचे मोल वेगळे सांगायला नको.

४. कोणते चॉकलेट घ्यावे? कंपाउंड स्वस्त पडते, ते चालेल का?

वेष्टनावरील घटकांची यादी वाचावी. त्यात कोको बटर असेल तर ते खरे चॉकलेट. त्याऐवजी वनस्पतिजन्य किंवा हायड्रोजनित स्निग्धांश लिहिला असेल तर ते कंपाउंड. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास, म्हणजे तोंडातील उबेने, पूर्ण वितळते आणि म्हणून खरा फज जिभेवर विरघळतो. कंपाउंड उन्हाळी हवेत अधिक तग धरते, पण खाल्ल्यावर टाळूला मेणासारखा थर राहतो. माझे मत स्पष्ट आहे : घरी खायला आणि शेजारी द्यायला खरे चॉकलेटच घ्यावे, दुपारी मांडवाखाली तासन्‌तास ताटे मांडून ठेवायची असतील तरच कंपाउंडचा विचार करावा. दोन्ही एकत्र करून मधला मार्ग काढू नये. कोको बटर आणि कंपाउंडमधील स्निग्धांश यांचे सहसा जमत नाही, आणि त्यांचे मिश्रण दोघांहूनही मऊ राहू शकते.

मिल्क चॉकलेटमध्ये कोकोचा अंश कमी असल्याने त्याच ४०० ग्रॅम दुधाला ते ४५० ग्रॅम घ्यावे, आणि पांढरे चॉकलेट ५०० ग्रॅम.

५. चॉकलेट नाही, फक्त कोको पावडर आहे. फज होईल का?

वर दिलेल्या कृतीने होणार नाही, कारण धरून ठेवायला कोको बटर पुरेसे नसते. मात्र ब्राझीलमध्ये ब्रिगादेइरो नावाची मिठाई करतात, त्या वाटेने जाता येते. ४०० ग्रॅम आटवलेले दूध, ३० ग्रॅम चाळलेली कोको पावडर आणि ३० ग्रॅम लोणी मंद आचेवर सतत ढवळत शिजवावे. नारळाची वडी करणाऱ्या हाताला खूण सांगावी लागत नाही : गोळा भांड्याची कड सोडू लागतो आणि कालथा ओढला की तळ क्षणभर उघडा दिसतो. निवल्यावर हाताला लोणी लावून लाडू वळावेत. सुरेख काप पडतील ही अपेक्षा ठेवू नये.

६. आटवलेल्या दुधाचा डबा न आणता घरीच दूध आटवले तर?

चालते, पण अंदाजाने आटवू नये. १ लिटर म्हशीचे किंवा भरपूर सायीचे दूध आणि २०० ग्रॅम साखर घ्यावी. आधी रिकाम्या पातेल्याचे वजन करून लिहून ठेवावे आणि आतील ऐवज ४८० ते ५०० ग्रॅम उरेपर्यंत मंद आचेवर आटवावे. त्यातील ४०० ग्रॅम फजसाठी घ्यावे. कडेला चिकटलेली साय वरचेवर सोडवून दुधात मिसळावी आणि शेवटी गाळून घ्यावे, नाहीतर फजमध्ये रवाळ कण लागतात. बासुंदीत तेच कण हवेहवेसे वाटतात, येथे नको असतात.

७. मायक्रोवेव्हमध्ये करता येतो का?

येतो. सर्व साहित्य काचेच्या भांड्यात घालून निम्म्या शक्तीवर ३० सेकंद तापवावे, ढवळावे आणि असे तीन-चार वेळा करावे. थोडे तुकडे उरले असतानाच थांबावे; ते उरलेल्या उष्णतेने विरघळतात.

८. चॉकलेट वितळवताना अचानक घट्ट, रवाळ गोळा झाला. टाकून द्यावा का?

टाकू नये. असे बहुधा चॉकलेट वेगळे वितळवणाऱ्यांचे होते. पहिल्या वर्षी मीही ते उकळत्या पाण्यावरच्या वाडग्यात ठेवले होते आणि वर झाकण घातले होते. झाकण उचलताना त्याच्या आतील बाजूचे दोन-चार थेंब आत ओघळले, आणि रेशमासारखे वाहणारे चॉकलेट दोन फेऱ्यांत ओल्या वाळूसारखे झाले. कालथा त्यात उभा राहिला. थोडेसे पाणी चॉकलेटमधील साखरेच्या कणांना एकमेकांस चिकटवते. ओलसर लाकडी कालथाही त्याला पुरतो.

उपाय उलटा वाटतो, पण खरा आहे : आणखी पाणी द्यावे. दर ६० ग्रॅम चॉकलेटला किमान १ टेबलस्पून द्रव मिळाला की ते पुन्हा सैल होते. म्हणून गरम दूध चमचा चमचा घालत जोराने ढवळावे, आणि मग आटवलेले दूध मिसळताना तेवढे दूध कमी घ्यावे. प्रश्न ३ मधील क्रमाने केल्यास हा प्रसंगच येत नाही, कारण तेथे चॉकलेट आरंभापासून पुरेशा द्रवात पडते.

९. मिश्रणाला तेल सुटले आणि ते फाटल्यासारखे दिसते. काय चुकले?

आच जास्त झाली. पातेले गॅसवरून उतरवून, थंड ओट्यावर ठेवून, त्यात १ टेबलस्पून कोमट दूध घालावे आणि एकाच दिशेने घोटावे. बहुतेक वेळा स्निग्धांश पुन्हा मिसळून जातो. करपल्याचा वास आला असेल तर मात्र काहीही घालून तो जात नाही.

१०. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवूनही फज धरला नाही. आता काय करू?

चॉकलेट कमी पडले किंवा ओलावा जास्त झाला. सर्व मिश्रण पातेल्यात परत घेऊन अगदी मंद आचेवर सैल करावे, त्यात ६० ते ८० ग्रॅम चिरलेले चॉकलेट मिसळावे आणि पुन्हा साच्यात ओतावे. तेवढा वेळ नसेल, तर चमच्याने घेऊन गोळे वळावेत व कोको पावडरमध्ये घोळवावेत. ताटात ते मुद्दाम केल्यासारखेच दिसतात, आणि आमच्या घरी मुले आता त्याचीच मागणी करतात.

११. काप नीट पडत नाहीत, कडा तुटतात.

फ्रीजमधून काढून वडी दहा मिनिटे बाहेर ठेवावी. लांब, पातळ पात्याची सुरी गरम पाण्यात बुडवून पूर्ण कोरडी पुसावी आणि करवतीसारखी न ओढता सरळ खाली दाबावी. प्रत्येक कापानंतर पुसावी. अर्धे काजू पात्याखाली आले की कड मोडते, म्हणून काजू बारीकच तोडावेत.

१२. गोव्याच्या हवेत फज किती दिवस टिकतो?

बाहेर, घट्ट झाकणाच्या डब्यात, थंड जागी दोन-तीन दिवस. फ्रीजमध्ये दोन ते तीन आठवडे. फ्रीझरमध्ये, कापण्याआधी अख्खी वडी दुहेरी गुंडाळून, दोन महिने. हे आकडे काजू आणि सुकलेले पदार्थ घातलेल्या फजचे आहेत. ओले खोबरे किंवा फळ घातले तर हिशेब बदलतो (प्रश्न १४ पाहावा). उघड्या ताटात मात्र एक संध्याकाळही फार होते. साखर हवेतील ओलावा ओढते, आणि सकाळपर्यंत वरचा पृष्ठभाग चिकट होतो.

१३. फ्रीजमधून काढल्यावर फजला घाम फुटतो. तो कसा टाळावा?

डबा उघडण्याची घाई करू नये, एवढेच. फज थंड असतो आणि बाहेरची हवा दमट, म्हणून डबा उघडताच तुकड्यांवर दव जमते व पुसल्यास चरे पडतात. बंद डबाच अर्धा-पाऊण तास ओट्यावर ठेवावा. दव डब्याच्या बाहेरच्या अंगावर धरते आणि आतील फज कोरडा राहतो.

१४. त्यात गोव्याचे काय काय घालता येईल?

काजू तर आलेच. पोर्तुगिजांनी ब्राझीलमधून आणलेले हे झाड आता इतके आपले झाले आहे की गोव्यातील गोड पदार्थ त्याच्यावाचून अपुरा वाटतो. सालासकट भाजलेले काजू घेतल्यास त्यांचा किंचित तुरट खमंगपणा डार्क चॉकलेटला फार शोभतो. साल हाताने चोळून काढावी आणि काजू पूर्ण निवल्यावरच घालावेत.

पेरूचे पेराद (गर आटवून केलेली घट्ट वडी) घरी असेल तर त्याचे अगदी लहान चौकोन करून निम्मे मिश्रण ओतल्यावर पसरावेत आणि वरून उरलेले ओतावे. काप केल्यावर मधोमध लाल रेघ दिसते आणि पेरूच्या आंबूसपणाने गोडी आटोक्यात राहते. माझ्या मते गोव्यातील फजला याहून चांगली जोड नाही. आगरवाड्याकडील आगरांतील जाडे मीठ चिमूटभर वरून भुरभुरले तरी चव उठून येते, परंतु ते आयत्या वेळी घालावे, कारण फ्रीजमध्ये ते विरघळून पाण्याचे ठिपके उरतात.

ओले खोबरे घालू नये. त्यातील पाण्याने फज मऊ पडतो आणि दुसऱ्या दिवशी खवट वास येऊ लागतो. खोबरे हवेच असेल तर सुक्या खोबऱ्याचा कीस तांबूस भाजून घ्यावा.

१५. माडाचा गूळ आणि नारळाचे दूध वापरून, गाईम्हशीचे दूध न घालता करता येईल का?

येईल, आणि चव दोदोलाच्या जवळ जाते. ४०० मिलिलिटर जाड नारळाचे दूध आणि २०० ग्रॅम चिरलेला माडाचा गूळ एकत्र करून, विरघळल्यावर गाळून, मंद आचेवर ४०० ग्रॅमपर्यंत आटवावे. मग दुधाचा अंश नसलेले ३५० ग्रॅम डार्क चॉकलेट त्यात विरघळवावे. लोण्याऐवजी खोबरेल घालायचे असल्यास १ टीस्पूनवर जाऊ नये. खोबरेल २४ अंशांच्या आसपासच वितळते, त्यामुळे आपल्या हवेत ते फज सैल करते. हा फज जरा मऊच राहतो आणि आठवड्याभरात संपवावा. गूळ गरम गाईच्या दुधात मात्र घालू नये, कारण दूध फाटण्याचा धोका असतो.

१६. पाकाचा मूळ फज करायचा आहे, पण थर्मामीटर नाही.

४०० ग्रॅम साखर, ४० ग्रॅम कोको, २४० मिलिलिटर दूध आणि चिमूटभर मीठ एकत्र उकळावे. साखर विरघळेपर्यंत ढवळावे. त्यानंतर ढवळणे थांबवावे व कडेला उडालेले कण ओल्या ब्रशने पुसून घ्यावेत, कारण एखादा कणही साऱ्या पाकात जाडे स्फटिक धरवतो. लक्ष्य ११२ ते ११५ अंशांचे आहे. थंड पाण्याच्या वाटीत थेंब टाकल्यावर बोटांनी मऊ गोळी वळता आली आणि बाहेर काढताच ती चपटी झाली, म्हणजे पाक झाला. गोळी कडक राहिली तर पाक पुढे गेला. दोन चमचे दूध घालून परत यावे.

आता ३० ग्रॅम लोणी वर ठेवावे, मिसळू नये, आणि पातेल्याचा तळ हाताला कोमट लागेपर्यंत, म्हणजे सुमारे ४५ अंशांपर्यंत, निवू द्यावे. मग चकाकी जाऊन मिश्रण जड होईपर्यंत घोटावे. फज रवाळ होण्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते, की गरम असतानाच घोटायला घेतले. आकाश भरून आलेले असेल त्या दिवशी हा फज करू नये.

थर्मामीटर असलेल्यांसाठी एक अपवाद. पणजी-मडगावात पाणी १०० अंशांना उकळते, परंतु सुट्टीत बेळगावला जाऊन फज करणाऱ्यांनी आधी तेथील उकळते पाणी मोजावे. ते ९७-९८ अंश दाखवील, आणि पाकही तेवढेच दोन-तीन अंश आधी उतरवावा लागेल.

१७. दुप्पट प्रमाणात केला तर चालेल का?

सोपा फज चालतो. साचे दोन घ्यावेत, कारण जाड थर मधोमध धरत नाही. पाकाचा फज दुप्पट करू नये, निवण्याचा वेळ हाताबाहेर जातो.

१८. फेणी किंवा रम घालता येते का?

गॅस बंद केल्यावर, चॉकलेट विरघळल्यानंतर, १ टेबलस्पून. फार तर २. त्याहून जास्त द्रवाने फज धरत नाही. काजूच्या फेणीचा गंध उग्र असतो आणि दुसऱ्या दिवशी तो अधिक जाणवतो, म्हणून प्रथम एकच चमचा घालून पाहावा. उकळत्या मिश्रणात घातली तरी सगळे अल्कोहोल उडून जाते हा समज चुकीचा आहे. अशा फजचा डबा वेगळा ठेवून त्यावर चिठ्ठी लावावी; मुलांना आणि न घेणाऱ्यांना विचारण्याची वेळ येऊ नये.

१९. आमच्या घरी अंडे चालत नाही. फज शाकाहारी असतो का?

वर दिलेल्या कोणत्याही कृतीत अंडे नाही. लक्ष मार्शमेलोकडे द्यावे : पुष्कळ परदेशी पाककृतींत ते असते आणि त्यात बहुधा जिलेटिन, म्हणजे प्राणिजन्य घटक, असतो. चॉकलेटच्या वेष्टनावरील हिरवी खूणही पाहून घ्यावी.

२०. मधुमेह असलेल्यांनी एखादा तुकडा खावा का? साखर कमी करता येईल का?

खावा की नाही, हे त्यांच्या डॉक्टरांनी सांगावे. साखर किती आहे, हे मला सांगता येते. प्रश्न २ मधील प्रमाणात दुधाची व चॉकलेटची मिळून सुमारे ३३० ग्रॅम घातलेली साखर असते, म्हणजे ६४ तुकड्यांपैकी प्रत्येकात साधारण ५ ग्रॅम, एका चहाच्या चमच्याहून थोडी अधिक. ७० टक्के कोकोचे चॉकलेट घेतल्यास ती थोडी उतरते, पण दुधातील साखर काढता येत नाही. "शुगर फ्री" असा फज या कृतीतून होत नाही, आणि तसे सांगून कोणाला देऊ नये.

२१. नाताळच्या ताटात फज कशाशेजारी ठेवावा?

नेवऱ्या (करंज्या) आणि कुलकुलांपासून (तळलेल्या छोट्या गोड शंखांपासून) दूर. त्या कुरकुरीत असतात आणि फजमधील ओलावा रात्रीत ओढून मऊ पडतात. दोदोलाशेजारी ठेवल्यास दोन्ही एकमेकांना चिकटतात. बेबिंका (थराथरांचा गोड पदार्थ) आणि बोलिन्यांच्या (रवा-खोबऱ्याच्या बिस्किटांच्या) जवळ तो बरा राहतो. प्रत्येक तुकडा कागदी वाटीत घालावा आणि त्यात काजू आहेत, हे ताटासोबत सांगावे. चवथीला आम्ही शेजारच्या कॅथलिक घरी नेवऱ्या पाठवतो आणि नाताळात त्यांचे ताट आमच्याकडे येते. ते ताट रिकामे परत करायचे नसते, म्हणून गेली काही वर्षे मी त्यात फजचे बारा तुकडे ठेवून देते. ज्या घरी कुत्रा आहे तेथे ताट उंचावर ठेवायला आवर्जून सांगते, कारण चॉकलेट, विशेषतः डार्क, कुत्र्यांना विषारी ठरते.